वडिलांचं टार्गेट पिस्तूल घरात आहे. पावसाळ्याआधी काय करावं?

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

नमस्कार मंडळी. आमचे अप्पा चैत्रात गेले. शाळेत चित्रकला शिकवायचे, पण गावात ओळख ‘पिस्तूलवाले सर’ अशीच. पंचवीस मीटरच्या स्टँडर्ड पिस्तूलच्या स्पर्धा बरीच वर्षं खेळले, हात थरथरायला लागल्यावर थांबले. त्यांचं टू-टूचं (पॉइंट टू-टू बोअरचं) वॉल्थर जीएसपी पिस्तूल वरच्या मजल्यावरच्या लोखंडी कपाटात आहे. लाकडी पेटी, आत हिरवं मखमल. वर होतं म्हणून २०२१ च्या जुलैत पुरातून वाचलं, खालच्या मजल्यावरचं तर काहीच राहिलं नाही.

दिवसकार्य उरकल्यावर परवा आईसमोर पेटी उघडली. मखमलाला कुबट वास येतोय. लाकडी मुठीवर पांढुरकी बुरशी धरलीये आणि नळीच्या पुढच्या टोकाजवळ तपकिरी डाग आहे. अप्पा कुठल्यातरी बिनलेबलच्या बाटलीतलं तेल लावायचे. वासावरून मला ते शिलाई मशीनचं वाटतं. आई म्हणते, खोबरेल लाव, विळी-कोयत्याला तेच चालतं. मुठीवर अप्पांनी त्यांच्या पंजाच्या मापाने लांबी (लाकडात भरतात ती पुट्टी) भरून, घासून आकार दिलाय. ती तासून साफ करावी का, तेही कळत नाही.

दुसरं म्हणजे कपाटाच्या खणात काडतुसांचा एक खोका आहे आणि काही सुटी काडतुसं जुन्या फोटो-रोलच्या डबीत. लायसन अप्पांच्या नावावर, मुदत पुढच्या वर्षापर्यंत. नागपूरचा भाऊ म्हणतो, मुदत आहे तोवर गप्प बस, संपली की बघू. आईला ते घरातच हवंय. दरवर्षी खंडेनवमीला अप्पा त्याची पूजा करायचे, ती मोडायची नाही असं तिचं म्हणणं.

पाऊस तोंडावर आलाय. कुठलं तेल, कशी साफसफाई, कुठे ठेवायचं, कुणी नीट सांगेल का? मला स्वतःला पिस्तुलातलं ओ की ठो कळत नाही.

रेंजवाला, पुणे

ताई, अप्पांबद्दल वाचून वाईट वाटलं. पेटी बंद करा, कपाटाला कुलूप लावा आणि किल्ली एकाच माणसाकडे ठेवा. गंजाचं आठ दिवसांनी बघितलं तरी चालेल. त्याआधी कागदाचं काम आहे.

तुमच्या भावाचं म्हणणं मी बऱ्याच घरांतून ऐकलंय आणि ते साफ चूक आहे. लायसन त्या माणसाच्या नावाचं असतं, ते त्याच्याबरोबर संपतं. पुस्तकावर पुढची तारीख छापलेली असली म्हणून घरच्यांना ते हत्यार बाळगायचा हक्क मिळत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ मध्ये स्पष्ट आहे की, ताबा कायदेशीर राहिला नाही की विनाकारण उशीर न करता हत्यार आणि काडतुसं जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. विनापरवाना हत्यार किंवा नुसती काडतुसं सापडली तरी २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षांची शिक्षा आहे. डबीतली सुटी काडतुसंही त्यात आली. ती खाडीत टाकून देऊ, कचऱ्यात घालू असा विचार मनातही आणू नका. लायसनवर त्यांची नोंद असते, हिशोब द्यावा लागतो.

‘जमा’ या शब्दाला घाबरू नका, जमा करणं म्हणजे सरकारला देऊन टाकणं नव्हे. वारसाला स्वतःच्या नावावर लायसन मिळालं की ठरलेल्या मुदतीत ते परत घेता येतं किंवा लायसन असलेल्या दुसऱ्या माणसाला विकता येतं. मुदत मात्र पाळा, नाहीतर ते सरकारजमा होतं.

करायचं असं. उद्या ठाण्यात फोन करा, सांगा की वडील वारले, त्यांचं लायसनचं पिस्तूल घरी आहे, जमा करायचंय, ते आणायचं कसं? कोणी घरी येईल की पत्र देतील ते त्यांना सांगू द्या. मनाने उठून स्कूटरच्या डिकीत घालून निघू नका, रस्त्यात नाकाबंदी लागली तर तुमच्याकडे दाखवायला कागद नाही. अर्ज दोन प्रतींत लिहा, मृत्यूचा दाखला आणि लायसनच्या सगळ्या पानांची झेरॉक्स जोडा. पावतीवर मेक, बोअर, नंबर, मॅगझीन किती, काडतुसं किती हे सगळं उतरवून घ्या. ‘एक पिस्तूल जमा’ एवढ्यावर सही करू नका.

निवड मिळत असेल तर गन हाउसला, म्हणजे परवानाधारक विक्रेत्याकडे, जमा करा. महिन्याचं भाडं घेतात, पण तिथे हत्याराला कोणी हात लावणारा असतो. ठाण्याच्या मालखान्यात (जप्त सामानाच्या खोलीत) ते पंचनाम्याच्या सामानाशेजारी पोत्यात पडतं. तिथून दोन पावसाळ्यांनी परत आलेली पिस्तुलं मी पाहिलीत. लायसन झालं, पण बोल्ट (नळीमागचा पुढेमागे सरकणारा भाग) हलेना. पोलिसांना दोष देऊन उपयोग नाही, तेलपाणी करणं त्यांचं काम नाही.

लायसन तुमच्या नावावर करायचं तर शस्त्र नियम २०१६ चा नियम २५ बघा. वारस म्हणून अर्ज, बाकीच्या वारसांची ना-हरकत (आई आणि भाऊ दोघांची), शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, वैद्यकीय दाखला, हत्यार सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र. तुमच्याकडे जिल्हाधिकारी कार्यालयात. आमच्याकडे पुण्या-मुंबईत पोलीस आयुक्तांकडे. एका माणसाला आता दोनच हत्यारं ठेवता येतात, पूर्वी तीन होती. तेव्हा भावाकडे शेतीसाठीची बंदूक वगैरे असेल तर कुणाच्या नावावर करायचं ते त्या हिशोबाने ठरवा.

आणि जे वडीलधारे हे वाचत असतील त्यांच्यासाठी: याच नियमात सोय आहे की सत्तरी गाठली किंवा हत्यार पंचवीस वर्षं नावावर झालं, यांपैकी जे आधी होईल तेव्हा हयातीतच वारसाच्या नावाने अर्ज करता येतो. करून टाका. मुलांना हा सगळा खटाटोप सुतकातून उठल्या-उठल्या करावा लागतो.

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

काका, आभार. फोन करते. पण ते भरलेलं आहे की रिकामं हेसुद्धा मला माहीत नाही, म्हणून धास्ती वाटतेय. अप्पा नेहमी रिकामं करून ठेवायचे असं आई म्हणते. आणि तेलाचं?

रेंजवाला, पुणे

‘नेहमी रिकामं असायचं’ हे वाक्य रेंजवर चालत नाही. दुसऱ्याने रिकामं म्हणून हातात दिलेलं हत्यारही आम्ही उघडून बघतो, समोर ऑलिंपिकवाला असला तरी.

तुम्हाला येत नसेल तर तुम्ही उघडू नका. पेटी तशीच राहू द्या, ठाण्यात किंवा गन हाउसमध्ये जाणता माणूस उघडेल. ‘भरलेलं आहे की नाही माहीत नाही’ हे आधीच तोंडाने सांगा, त्यात कमीपणा नाही. तिथे तो काय करतो ते नीट बघून घ्या, पुढे तुम्हालाच करायचंय. नळी भिंतीच्या किंवा जमिनीच्या सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर. जीएसपीचं मॅगझीन ट्रिगरच्या पुढे असतं, ते आधी निघेल. इथेच बहुतेकांची फसगत होते. मॅगझीन निघालं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नाही, एक काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, बसलेलं असू शकतं. म्हणून बोल्टचे दोन्ही बाजूंचे कान धरून मागे ओढायचं, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं, उजेड कमी असेल तर टॉर्च घ्यायचा. मग चेंबरमध्ये नारिंगी सेफ्टी फ्लॅग, म्हणजे रिकामं असल्याची खूण, घालायचा. स्पर्धेत तो सक्तीचा असतो, घरीही असावा. लांबून दिसतो, भांडण नको.

आता तेल. खोबरेल अजिबात नाही, आईंची माफी मागून सांगतो. विळी रोज घासली जाते, पिस्तूल तसंच पडून राहतं. वनस्पती तेल हवेने घट्ट होतं, चिकट साय धरतं, आणि थंडीत खोबरेल तर थिजतंच. फायरिंग पिनच्या भोकात ती साय बसली की पिन आळसावते. अप्पांचं शिलाई मशीनचं तेल त्यामानाने बरं. पातळ खनिज तेल आहे, हलत्या भागांना चालतं, पण कोकणातल्या चार महिन्यांच्या दमटपणाला पुरत नाही, उडून जातं. बंदुकीचं म्हणून मिळणारं गंजरोधक तेल घ्या, छोटी बाटली वर्षानुवर्षं जाते. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला ठीक, ते लावून महिनोन् महिने ठेवून देण्यासाठी नाही.

आणि तेल किती? लोक पिस्तुलाला अभ्यंग घालतात. मलमलच्या चिंधीवर दोन थेंब, चिंधी चुरगाळून तेल पसरवायचं आणि त्या चिंधीने पोलादावरून हात फिरवायचा. पुसल्यावर बोटाला ओलसर लागता कामा नये, नुसती चकाकी दिसली पाहिजे. जास्तीचं तेल ओघळून मुठीच्या लाकडात मुरतं, लाकूड काळं पडून भुसभुशीत होतं.

तपकिरी डागाबद्दल: नळीच्या टोकाजवळ आहे म्हणता, बहुतेक तिथे धरून पेटीतून उचलायची सवय असावी. घामट बोटाचा ठसा आधी निळ्या-काळ्या पोलादावर धुरकट दिसतो, मग तपकिरी होतो, मग नखाला खरखरीत लागतो. नखाला लागत नसेल तर काळजी नको. डागावर तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवायचा, सकाळी मऊ कापडाने चोळायचा, परत तेल. हे दोन-चारदा. पॉलिश पेपर, चिंच, पितांबरी यातलं काही नाही. डाग जाईल, पण त्याबरोबर पोलादावरचा निळा मुलामाही जाईल, आणि पुढच्या आषाढात तिथेच लालभडक गंज येईल. डाग खरखरीत असेल तर गन हाउसच्या कारागिराला दाखवा.

नळीच्या आतल्या बाजूला घरच्यांनी हात न लावलेलाच बरा. टू-टूची गोळी शिशाची, वर मेणाचा किंवा ग्रीसचा हात दिलेला असतो. तांब्याचा थर काढणारी उग्र अमोनियाची द्रावणं इथे लागतच नाहीत. गोळ्या झाडण्यापेक्षा चुकीच्या गजाने जास्त टू-टूच्या नळ्या खराब झाल्यात. लोखंडी गज तोंडाकडून घालून मागेपुढे केला की तोंडाची कडा झिजते, आणि गोळी निघताना शेवटचा स्पर्श त्याच कडेला असतो. पंचवीस मीटरवर ते लगेच कळतं. करायचंच तर चिंधी दोरीने ओढायची, मागून पुढे, एका दिशेने.

दहाचा ठोका, कोल्हापूर

काकांनी सगळं सांगितलंच आहे, मुठीबद्दल मी लिहिते. मी स्वतः पंचवीस मीटर खेळते. आमच्याकडे राही सरनोबतनी २०१८ च्या जाकार्ता एशियाडला सुवर्ण आणल्यापासून घराघरात पोरी पिस्तूल धरायला लागल्या, त्यातलीच एक.

ताई, ती लांबी तासू नका!! नेमबाज महिनोन् महिने त्यावर काम करतो. थोडी लांबी भरायची, ओली असताना पंजा दाबायचा, वाळली की कानस, मग रेंजवर जाऊन बघायचं. करंगळीखालची जागा जराशी उंच झाली तरी पुढच्या माशीचं (नळीवरच्या नेम धरायच्या खुंटाचं) टोक डावीकडे सरकतं. अप्पा ड्रॉइंगचे मास्तर, त्यांनी ती नुसती ओबडधोबड भरली नसणार. नीट बघा, तळव्याच्या खोलगट भागात बोटांच्या रेषासुद्धा उमटलेल्या असतील.

बुरशीला कोरडा मऊ ब्रश, दाढीचा जुना चालेल. घराबाहेर, नाकाला रुमाल बांधून. मग सावलीत वारा लागू द्यायचा. उन्हात ठेवाल तर अक्रोडाचं लाकूड चिरतं आणि लांबी सुटून येते. व्हिनेगर नको, ओलं फडकं नको.

पुढे तुम्हाला किंवा मुलांना खेळायचं असेल तर आपापल्या मापाची नवी मूठ बसवा, अप्पांची बाजूला ठेवा. स्क्रू सोडवला की मूठ निघते. आईंना काहीतरी घरात हवं असेल तर हीच मूठ ठेवता येईल का ते ठाण्यात लेखी विचारा. कायद्यात हत्याराचे सुटे भागही येतात, त्यामुळे आपल्या मनाने काढून ठेवू नका, पावतीवर तशी नोंद हवी.

आणि एक, चाळा म्हणून रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर दाबू नका. टू-टूमध्ये पिन काडतुसाच्या कडेवर आपटते. काडतूस नसेल तर ती थेट चेंबरच्या कडेवर आपटून तिथे खड्डा पाडू शकते, मग वापरलेली पुंगळी अडकायला लागते. सरावाला आम्ही आत प्लॅस्टिकचं खोटं काडतूस घालतो. ट्रिगरचे स्क्रूही फिरवू नका. या प्रकारात ट्रिगरला किमान १००० ग्रॅम वजन उचलावं लागतं, अप्पांनी ते मापून लावलेलं असणार.

उल्मकर

गंमत म्हणजे तुमचं वॉल्थर जिथे बनलं त्याच जर्मनीतल्या उल्म गावात मी नोकरीला आहे. इथला माझा शेजारी जर्मन, त्याच्या काकांची दोन पिस्तुलं त्याच्याकडे आली तेव्हाची पळापळ मी पाहिली. इथे वारसा स्वीकारल्यापासून महिन्याच्या आत कचेरीत अर्ज करावा लागतो. तुम्ही स्वतः नेमबाज किंवा शिकारी नसाल तर पिस्तूल मिळतं, पण नळीत एक कुलूप ठोकून, म्हणजे काडतूस आत जाणारच नाही असं. ते कुलूप परवाना असलेला कारागीरच बसवतो, खर्च वारसाचा. ठेवायला साधं कपाट चालत नाही, २०१७ पासून नव्याने घेणाऱ्याला ठरावीक दर्जाची तिजोरीच लागते. शेजारी कुरकुरत होता की पिस्तुलांपेक्षा तिजोरी महाग पडली. मला मात्र ती नळीतल्या कुलपाची सोय आवडली. आठवण घरात राहते आणि रात्री झोपही लागते. भारतात वारसांसाठी असा मधला मार्ग असता तर वाशिष्ठीकाठ यांच्या आईंचं काम सोपं झालं असतं.

रेंजवाला, पुणे

उल्मकर, कल्पना चांगली आहे. पण आपल्याकडे आहे त्या चौकटीत बोलू.

ताई, लायसन तुमच्या नावावर होऊन पिस्तूल परत येईल तेव्हासाठी लिहून ठेवा. ती मखमलाची पेटी शोभेची. मखमल आणि त्याखालचा स्पंज दोन्ही ओल धरतात, चामड्याचं पाकीट तर त्याहून वाईट, कमावताना वापरलेले क्षार पोलादाला खातात. पिस्तूल गंजरोधक कागदात गुंडाळून भिंतीला बोल्टने आवळलेल्या छोट्या लोखंडी लॉकरमध्ये ठेवायचं. भिंत आतली निवडा. तुमच्याकडे पश्चिमेच्या भिंतीला पावसाळाभर पाझर असणार. आणि अर्थातच वरच्या मजल्यावर, चिपळूणकरांना हे मी काय सांगावं. काडतुसं वेगळ्या कुलपात, वेगळ्या किल्लीने. सुटी काडतुसं डबीत नाहीत, त्यांच्या खोक्यात, म्हणजे कंपनी आणि लॉट कळतो. जुन्या काडतुसांना तेल लावायचं नाही, कडेने आत झिरपलं की बार फुसका जातो. किती जुनी आहेत हे माहीत नसेल तर ती परत मागूच नका.

लॉकरमध्ये सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले किंवा नारिंगी हिरवे झाले की भाजून परत वापरता येतात. निळ्यात कोबाल्ट असतं, स्वयंपाकाच्या कढईत भाजू नका. तांदळाची पुरचुंडी ठेवणारे भेटतात, तिने ओल फारशी जात नाही, पोरकिडे मात्र होतात. बाजारात आर्द्रतेचं छोटं घड्याळ मिळतं, पन्नासच्या आसपास काटा राहिला की पोलादही खूश आणि मुठीचं लाकूडही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवणं सगळ्यात वाईट, आत अडकलेली वाफ तिथेच दवासारखी बसते. पावसाळ्यात पंधरवड्याने एकदा उघडून बघा, सुती हातमोजे घालून, आणि ठेवताना परत तीच दोन थेंबांची चिंधी.

निवडणुका आल्या की जमा करण्याची नोटीस येईल, तेव्हाही हाच क्रम: चिंधी, गंजरोधक कागद, पावती.

राहिली खंडेनवमी. आईंना सांगा, पूजा मोडत नाही. पण हळदी-कुंकू थेट पिस्तुलावर नको. कुंकवाची बारीक पूड तेलात बसून बोल्टच्या खाचेत जाते आणि झेंडूच्या ओल्या पाकळीखाली दुसऱ्या दिवशी गंजाचा गोल ठिपका सापडतो. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात आमच्याकडे असे रुग्ण रांगेने येतात, त्यात पोलीस खात्यातलेही असतात. यंदा पिस्तूल गन हाउसला असेल, तर अप्पांची स्कोअरची वही आणि पदकं मांडा. पुढच्या वर्षी बंद पेटीवर कुंकू लावा. आणि पूजेचा फोटो स्टेटसला टाकू नका, घरात हत्यार आहे हे गावाला सांगून चोराला बोलावणं कशाला?

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

सगळ्यांचे आभार. भावाला हा धागा पाठवला, ‘ना-हरकत पाठवतो’ एवढंच उत्तर आलं. स्कोअरच्या वह्यांना आई कबूल झाली, ढीगभर आहेत, तिने त्या कालच उन्हात घातल्या. ठाण्यात फोन केला, हवालदार चांगले बोलले, सोमवारी दोघं जण घरी येतो म्हणाले, येताना गन हाउसच्या नावाचं पत्रही घेऊन येतील. त्यांनी पिस्तुलाचा नंबर विचारलाय. तो नेमका कुठे कोरलेला असतो? पेटी उघडून बघू का?

रेंजवाला, पुणे

पेटी उघडू नका. लायसनच्या पुस्तकात हत्याराच्या रकान्यात लिहिलेला आहे, तोच वाचून दाखवा. सोमवारी ते त्यांच्या हाताने पिस्तुलावरच्या नंबराशी ताडून बघतील. तेव्हा तुम्ही शेजारी उभ्या राहा, आणि एकही आकडा चुकीचा उतरला तर पावती तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.